कातमणी आणि चिखल्याच्या कायापालटाची हकीकत

श्री. विघ्नहर्त्यास नमन, वाग्देवीस नमन, आणि ज्या कोणा देवतेने ऐन प्रसंगी मोबाइलची बॅटरी तीन टक्क्यांवर अडवून धरिली तिसही साष्टांग नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, ज्येष्ठ मासी, एका राज्यात मोठा प्रसंग गुदरला. राज्याचे नाव लिहू नये ऐसी थोरल्या किल्ल्याहून ताकीद आहे, आणि ती पाळूनच लिहितो, कारण आम्हांस त्या मुदपाकखान्यात अजून जेवायचे आहे. तर त्या राज्यात दोन किल्ले, एक थोरला, एक धाकटा, मध्ये नदी आणि नदीवर अरुंद पूल. थोरल्या किल्ल्यावर मथुराबाईसाहेब नांदत, बाई मोठी करारी, शब्दाची पक्की आणि रागाची त्याहून पक्की. धाकट्या किल्ल्यावर कावेरीबाईसाहेब, त्याही काही कमी नव्हेत. मथुराबाईंचे चिरंजीव आणि कावेरीबाईंची कन्या यांचे लग्न तीन वर्षांमागे मोठ्या थाटाने जाहले, आणि विहिणीच्या पंगतीत जिलबी मथुराबाईसाहेबांच्या पानाशी येईतो संपली. आता जिलबी ती काय, पण मानाची! बाईसाहेब भरल्या पानावरून उठल्या, आणि कावेरीबाईसाहेब म्हणाल्या, "पानावरून उठणं म्हणजे मला उंबऱ्याबाहेर काढणं झालं." त्या दिवसापासून दोघींचे बोलणे बंद, आणि एकीचे नाव निघाले की दुसरी छताच्या पंख्याकडे पाहू लागली.

मग लेक आणि सून नोकरीनिमित्त सातासमुद्रापार निघाली, आणि निघण्याआधी उभयतांनी मसलत केली की, आपल्यामागे या दोघी रुसून बसतील आणि ब्लडप्रेशर वाढवितील, त्यापेक्षा यांस कामास लावावे. म्हणोन दोन्ही मातोश्रींच्या मोबाइलवर एकच खेळ चढवून दिला. खेळाचा प्रकार ऐसा की, मोबाइल हाती धरून हिंडावे, पडद्यावर झाडाझुडपांतून चित्रविचित्र जनावरे निघतात ती जाळे टाकून धरावी, पोसावी, झुंजवावी, आणि आपण पायरीपायरीने वर चढावे. जनावर पुरते वाढले की कात टाकते आणि नवे रूप घेते. परंतु काही जनावरे जात्याच हट्टी, त्यांस कितीही चारा घाला, ती आहेत तैसीच राहतात. त्यांस एक दुर्मिळ जिन्नस लागतो, त्यास कातमणी म्हणतात, आणि तो एका खेळाडूस उभ्या जन्मात एकच मिळतो. मथुराबाईसाहेब प्रथम म्हणाल्या, "असले पोरखेळ आम्ही खेळत नाही," आणि चौथ्या दिवशी बागेतले एक जनावर शिल्लक ठेविले नाही, आणि आठव्या दिवशी पाहुणे बसले असता "आलेच हं" म्हणोन उठल्या त्या हत्तीखान्यामागे एक उडता सरडा धरूनच परतल्या.

पहिल्या दिवशी जे पहिले जनावर हाती लागले त्याचे नाव बाईसाहेबांनी चिखल्या ठेविले. ध्यान ऐसे की चिखलाचा गोळा, त्यास दोन डोळे, आणि चालू लागला की स्वतःच्याच चिखलात बुडे. झुंजीस उभा केला की समोरच्याकडे प्रेमाने पाहत राही आणि मार खाई. बाकीची जनावरे कात टाकून वाघ जाहली, गरुड जाहली, आणि हा दोन वर्षे गोळ्याचा गोळाच. बाईसाहेबांनी त्यास एकदाही फळीवर टाकिला नाही. लेक फोनवर हसे, "आई, सोड ना त्याला," आणि बाई म्हणत, "तू सहा वर्षांचा होईस्तोवर बूट उलटे घालत होतास, तुला सोडला का मी?" मग शोधांती कळले की चिखल्यासही रूप आहे, परंतु कातमणी पाहिजे. आणि कातमणी मिळण्याची अट ऐसी की, खेळात पाऊस पडत असता सात हजार पावले न थांबता चालावी. मग काय पुसता! पडद्यावर ढग आला की बाईसाहेब जेवत्या पाटावरून उठत, आणि हत्तीखान्यापासून मुदपाकखान्यापर्यंत खेपा सुरू होत. कधी सहा हजारांवर पाऊस थांबे, कधी मधेच शेजारीण "कशा आहात?" पुसे. एकेचाळीस दिवस हे चालले, बाईसाहेबांची साखर उतरली, वैद्यराजांनी ते आपले श्रेय म्हणोन मिरविले, आणि बेचाळिसाव्या दिवशी पडक्या चक्कीमागे, मडक्याखाली, कातमणी लकाकला. बाईसाहेबांनी ऐसी आरोळी दिली की आचाऱ्याची पोळी तव्यावर करपली, आणि तो पळी घेऊनच धावत आला की साप निघाला काय.

पण सुख पायरीवरच अडखळले. चिटणीस हेरंबराव, बाईसाहेबांच्या पदरी तीस वर्षे, त्यांनी चष्मा लावून नियम वाचिला आणि मान खाली घातली. नियम ऐसा की, मणी जनावराच्या गळ्यात बांधावा आणि जनावर दुसऱ्या खेळाडूच्या हवाली करावे, ते हातातून हातात जाता जाताच कात टाकते. आपल्याच हाती ठेवून काही होत नाही. आणि हवाली केले की जनावर त्याचे, परत देणे न देणे त्याच्या मर्जीवर. शिवाय घेणारा नवव्या पायरीपुढचा हवा. हेरंबराव स्वतः दुसऱ्या पायरीवर, कारण धरलेले जनावर "त्याची आई वाट पाहत असेल" म्हणोन सोडून देत. "मग राज्यात नवव्या पायरीपुढं आहे कोण?" बाईसाहेबांनी पुसिले. हेरंबराव पंख्याकडे पाहू लागले. बाईसाहेब काय ते समजल्या. दोन दिवस विचार केला, दोन दिवस चिखल्याकडे पाहिले, आणि तो पडद्यावरून असा भोळा टकमक पाहे की पाचव्या दिवशी खलिता गेला, "चिखल्या पाठवीत आहे. रूप पालटले की परत करणे. कळावे." धाकट्या किल्ल्याहून जबाब आला, "बरे. कळावे." मग मणी चिखल्याच्या गळ्यात बांधिला, आणि बोट बटणावर ठेविले ते तेथेच राहिले. आजवर त्या घरातून कोणी प्रवासास निघाला आणि त्याच्या हातावर गोड पडले नाही ऐसे जाहले नव्हते. लेक विमानास निघाला तेव्हाही रांगेत उभ्याने दहीसाखर भरविली होती. तेव्हा हेरंबराव "बाईसाहेब, बाईसाहेब" म्हणेतो त्यांनी खेळातल्या पोतडीतून एक साखरफळ काढून चिखल्याच्या गळ्यात घातले, "वाटेत खाईल हो बिचारा," म्हणाल्या, आणि बटण दाबिले. आता खेळाचा कायदा ऐसा की एका गळ्यात एकच जिन्नस राहतो. फळ चढले, मणी मुकाट्याने पोतडीत परत पडला, आणि चिखल्या जैसा होता तैसा, साखरफळ चघळीत, शत्रूच्या किल्ल्यात दाखल जाहला. बदल्यात काही द्यावे लागते म्हणोन तिकडून एक गोगलगाय आली.

पुढे जाहले ते ऐसे. धाकट्या किल्ल्याहून खलिता आला, "पोचला. गळ्यात फळ आहे. रूप तेच आहे. हा काय प्रकार?" बाईसाहेबांनी उत्तर केले, "चूक जाहली. परत करणे." आणि तिकडून काही नाही. दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे वाचिले खरे, परंतु जबाब नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. चिखल्याच्या जागी पडद्यावर गोगलगाय बसून राहिली, आणि बाईसाहेबांस घास जाईना. "तिला माझ्यावर सूड घ्यायचा आहे, हेरंबराव. तीन वर्षं वाट पाहिली बयेनं." हेरंबराव म्हणाले, "बाईसाहेब, तीस वर्षं तुमचं मीठ खाल्लं म्हणून बोलतो. खलित्यानं पाळीव जनावरही परत येत नाही. फोन करा." "मी? आधी?" "चिखल्या कुणाचा आहे?" तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पदर खोचिला, पाणी प्याल्या, आणि फोन लाविला. तिकडे उचलला गेला, पण "हॅलो" कोणी म्हणेना. शेवटी मथुराबाईसाहेब बोलिल्या, "विहीणबाई, मी बोलतेय. पानावरून उठले ते चुकलं माझं. जिलबी संपली यात तुमचा काय दोष, तो वाढप्याचा. पण लेक त्याच दिवशी माझ्या हातून जात होता, आणि ते काही मला कुणाला सांगता येईना, मग जिलबीवर काढलं सगळं. आता माझा चिखल्या तेवढा द्या. त्याला झोपताना थोपटावं लागतं, नाहीतर तो बुडतो." मग कावेरीबाईंचा बारीक आवाज आला, "थोपटतेय हो मी. पहिल्या दिवसापासून थोपटतेय. मीही त्याच दिवशी लेक देऊन रिकामी झाले होते, विहीणबाई. धाडते तुमचा चिखल्या."

मग बाईसाहेबांनी गोगलगाय हवाली केली, आणि इकडे बॅटरी तीन टक्के, हेरंबराव चार्जर घेऊन धावताहेत, त्याची वायर पुरत नाही, आणि पडद्यावर चिखल्या दिसू लागला तोच पडदा पांढरा जाहला. बाईसाहेब किंचाळल्या, "मेला! बंद पडला!" परंतु बंद काही पडला नव्हता. पांढऱ्यातून चिखलाचा गोळा फुगू लागला, फुगता फुगता घराएवढा जाहला, त्यास चार खांब ऐसे पाय फुटले, शिंगे फुटली, पाठीवर आख्खे तळे पसरले, तळ्यात कमळे उमलली, कमळांवर बगळा येऊन बसला, आणि इतके सारे होऊन ते महाकाय जनावर दोन पावले चालले आणि पूर्वीसारखेच आपल्या चिखलात गुडघ्यापर्यंत बुडाले. बाईसाहेब हसल्या, रडल्या, हेरंबरावांच्या हातातील चार्जर हिसकून त्यांसच मिठी मारू गेल्या आणि ऐनवेळी थांबल्या, आणि मग एकाएकी चमकल्या की मणी तर आपल्या पोतडीत! पुन्हा फोन. "विहीणबाई, ह्याच्या गळ्यात काय बांधलंत?" "छे, कुठं काय," कावेरीबाई म्हणाल्या, "शेजारणीची वाटीसुद्धा आम्ही रिकामी परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतो. हे तर लेकरू. पिशवीत हात घातला, तो मणीच लागला हाताला. दुसरं काही नव्हतंच." आता कावेरीबाई अकराव्या पायरीवर, त्यांच्या पोतडीत फळेच चारशे होती, हे अवघ्या राज्यास ठाऊक. मथुराबाईसाहेबांनी पोतडीतला आपला मणी एकवार पाहिला. मग म्हणाल्या, "तो मणी कुणासाठी ठेवला होतात?" "आहे आमची एक झिपरी. नुसतं केसांचं भेंडोळं. पण कुणाकडे पाठवणार होते मी तिला? नवव्या पायरीपुढं तुम्हीच. बरी आहे आहे तशी." "पाठवा." "कशाला हो..." "पाठवा म्हणते ना!"

झिपरी आली, खरोखरच केसांचे भेंडोळे, मथुराबाईसाहेबांस पाहून शिंकली. आता बाईसाहेबांच्या तबेल्यात एक वाघूळही होते, झुंजीत एक नंबर, त्यासही तोच मणी लागत होता, आणि तो त्यास दिला असता तर राज्यात त्यांच्यापुढे कोणी उभे राहते ना. हे लिहिणाऱ्याने पाहिले आहे की बाईसाहेबांनी त्या वाघळाकडे वळूनही पाहिले नाही. मणी झिपरीच्या गळ्यात बांधिला. मग हात आपसूक पोतडीतल्या साखरफळाकडे गेला, आणि हेरंबराव ओरडले, "बाईसाहेब, हात!" तेव्हा हात मागे घेतला, फळ स्वतःच्या तोंडात घालता येत नाही म्हणोन एक खडीसाखर खाल्ली, आणि झिपरी रवाना केली. आणि फोनमधून असा काही कल्लोळ उठला की हेरंबरावांनी कान झाकिले. "पंख फुटले हो विहीणबाई, पंख! सोनेरी! आणि तुरा बघा तुरा!" "दिसतंय कुठं मला! तुमच्याकडे आहे ना ती!" "आणि तुमचं तळं मला कुठं दिसलं! बगळा खरंच बसलाय?" "बसलाय, आणि आता मासा पण खातोय!" मग फोन एकाच वेळी दोन्हीकडून ठेविले गेले. मथुराबाईसाहेब एका पायात आपली चप्पल आणि दुसऱ्या पायात यजमानांची, म्हणजे सरकारस्वारीची, घालून गाडीत बसल्या आणि "धाकटा किल्ला" एवढेच बोलल्या. तिकडून कावेरीबाईसाहेबांची गाडीही त्याच घटकेस निघाली होती, डोक्यावर मेंदीचा लेप तसाच. दोन्ही गाड्या अरुंद पुलाच्या ऐन मध्यावर समोरासमोर आल्या, आणि दोघी खाली उतरल्या, आणि या-बसा, कशा-आहात, काही जाहले नाही, मोबाइलला मोबाइल लावून तेथेच उभ्या राहिल्या. मागे दुधाचा टेम्पो, त्यामागे शाळेची बस, त्यामागे वरात, सगळे हॉर्न वाजवू लागले, एक फौजदार शिट्टी फुंकीत आला. मथुराबाईसाहेबांनी मान वर न करिता त्यास हात दाखविला आणि म्हणाल्या, "थांबा हो जरा! आमची लेकरं मोठी झालीत आज."

येणेप्रमाणे दोन्ही किल्ल्यांचा सलूख जाहला, पूल तीन तासांनी मोकळा जाहला, आणि वरातीतले वाजंत्री तेवढा वेळ फुकट वाजवून गेले. वाघूळ आहे तैसेच आहे, कोणी त्याचा विषय काढीत नाही. दिसले तेवढे लिहिले. याहून अधिक कोणी पुसेल तर लिहिणाऱ्याचा मोबाइल जुना आहे, आणि पडदा तडकलेला आहे.