नव्वद सेकंद आधीचं

"आई, तू आजवर एकाला तरी विनातिकीट सोडलंयस का गं? खरं खरं सांग!"

प्रश्न लेकीचा स्वतःचा नव्हता. तो वर्गातल्या रबरबँडचा होता. रबरबँड म्हणजे तिची जिवलग मैत्रीण. साधी शिंक आली तरी ती गोष्ट ताणून ताणून दवाखान्यापर्यंत नेते, म्हणून हे नाव. रबरबँड डबा खाताना सहज म्हणाली होती, "तुझ्या आईने कुणालाच सोडलं नसेल. दगड आहेत गं त्या!"

"माझी आई दगड नाही!"

"मग विचारून दाखव. सोडलेला एक जरी माणूस निघाला तर माझी खिडकीजवळची जागा वर्षभर तुझी. नाही निघाला तर तू कचऱ्याच्या डब्याशेजारी. बोल!"

बाकीच्या दोघींनी बाकावर हात आपटून साक्ष दिली. पैज लागली.

आता ज्या बाईला विचारायचं होतं ती साधीसुधी नव्हती. शहर बससेवेत तिकीट तपासनीस, नोकरीला अठरा वर्षं झालेली. प्रवासी तिला एक्स-रे बाई म्हणत. शर्टाच्या खिशातलं कालचं तिकीट ती बाहेरूनच वाचते अशी ख्याती! सख्ख्या दिराला तिने भर बसमध्ये दंडाची पावती दिली होती आणि त्याच पावतीच्या मागे 'रविवारी जेवायला या' असं लिहिलं होतं. काका आले, जेवले. पण तेव्हापासून ते आमंत्रणाला नेहमी पायीच येतात.

मागच्या वर्षी आपल्या नायिकेला हे विचारणं जमलंच नसतं. तेव्हा ती हजेरीला 'उपस्थित' म्हणायची तर बाकावरच्या डासालाही ऐकू जायचं नाही. पण यंदा शाळेच्या परिपाठाचं सूत्रसंचालन तिच्या गळ्यात पडलं आणि असा काही आवाज फुटला, की माईक बंद होता हे शेवटपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही! तेव्हापासून तिला सगळे भोंगा म्हणतात आणि तिला ते आवडतं.

सगळा घोळ सुरू झाला शनिवारी. आई कामावरून आली ती हातात एक खोकं घेऊन. ते तिने बाबांच्या शिलाई मशीनवर ठेवलं, मेलेला उंदीर ठेवावा तसं. बाबा शिंपी. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान.

"काय आहे?" बाबांनी विचारलं.

"डोळा," आई म्हणाली.

खोक्यात साबणाच्या वडीएवढा काळा कॅमेरा होता. छातीवर लावायचा. सोमवारपासून प्रत्येक तपासनीसाने लावायचा, आणि बसमधलं चित्र नेटवर्कवरून थेट आगाराच्या कंट्रोल रूममध्ये दिसणार. घरी नेऊन जोडा, सराव करा असा साहेबांचा हुकूम.

"सोमवारी एक दिवस घालते," आई म्हणाली, "आणि मंगळवारी अर्ज देते. मला टेबलावरचं काम द्या म्हणून."

बाबांचा पाय मशीनवरच थांबला. टेबलावरचं काम आईने तीनदा नाकारलं होतं. बस म्हणजे तिचा श्वास! सुट्टीच्या दिवशीसुद्धा ती खुर्चीत बसल्या बसल्या वळणाला झुकते.

"करमेल तुला?"

"करमवीन."

भोंग्याला वाटलं, आई यंत्राला घाबरली! एवढंच ना?

"आई, मला अर्धा तास दे," ती छाती पुढे काढून म्हणाली. "तुला असं शिकवते की मंगळवारी तूच आख्ख्या आगाराला शिकवशील!"

"ती पुस्तिका वाच आधी."

"पुस्तिका ज्यांना काही जमत नाही त्यांच्यासाठी असते, आई!"

चौसष्ट पानांची पुस्तिका तिने मशीनच्या आखूड पायाखाली सारली. मशीन कित्येक महिन्यांनी सरळ उभं राहिलं. पुस्तिकेचा यापेक्षा चांगला उपयोग काय असणार?

रविवारी सकाळी तिने बाबांच्या फोनवर ॲप घेतलं, कॅमेरा घरच्या वायफायला जोडला. मग एकामागून एक प्रश्न आले. आवाजही हवा? हवा! चित्र उत्तम? अत्युत्तम! 'पूर्वनोंद किती सेकंद: शून्य, तीस की नव्वद?' पूर्वनोंद म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. पण पर्याय दिसले की मोठा उचलावा हा तिचा जन्मजात स्वभाव. नव्वद!

मग सराव. चार स्टुलं ओळीने मांडली, झाली बस. दुसऱ्या स्टुलावर बाबांचा कपडे चढवायचा बिनडोक्याचा पुतळा, तो पासधारक. तिसऱ्यावर स्वतः बाबा, विनातिकीट. आई गणवेश घालून उभी, छातीवर तो डोळा.

"आई, नीट ऐक. बटण दोनदा दाबलं की तो गुरगुरतो, लाल दिवा लागतो आणि मगच रेकॉर्डिंग सुरू होतं. तोवर तो ढाराढूर झोपलेला! काहीही बोल, त्याला ऐकू येत नाही."

आईने दोनदा दाबलं. गुर्र!

"तिकीट दाखवा," आई परीक्षेला बसल्यासारखी म्हणाली.

"हरवलं हो," बाबा म्हणाले आणि त्यांना हसू फुटलं. पहिला प्रयत्न वाया.

दुसऱ्याच्या आधी आई म्हणाली, "साहेबांना काय, नवीन खेळणं आलं की लहान मुलासारखे नाचतात." मग बटण. तिसऱ्याच्या आधी बाबा मशीनवरची पँट उचलून म्हणाले, "त्या साहेबांची ही पँट तिसऱ्यांदा सैल केली. कापड संपलं, साहेब काही थांबेनात!" सगळे पोट धरून हसले. मग बटण. गुर्र! आणि तिघेही शोकसभेला आल्यासारखे गंभीर.

चौथ्याच्या आधी भोंग्याने संधी साधली. सगळे हसत होते, कॅमेरा झोपलेला होता. तिने विचारलं. एकाला तरी सोडलंयस का?

तिला वाटलं आई डोळे वटारेल. आई स्टुलावर बसली.

"सात," ती म्हणाली.

"सात काय?"

"सात जणांना सोडलंय. अठरा वर्षांत." बाबांनी पँट खाली ठेवली. "एक म्हातारा होता, दवाखान्यातून निघालेला. दोन पायांत दोन वेगळ्या चपला. तिकीट काढायचं असतं हेसुद्धा त्याला आठवत नव्हतं. एक मुलगी होती, परीक्षेचं ओळखपत्र मुठीत धरून झोपलेली. तिला उठवलंच नाही मी... बाकीचे सांगत नाही. आठवतात मात्र सगळे."

"मग काय केलंस?"

"काय करणार? मान फिरवली. एक थांबा खिडकीबाहेर बघत राहिले. तेवढ्यात माणूस उतरून जातो." तिने छातीवरच्या डोळ्याला बोट लावलं. "माझी मान फिरते गं. याची नाही फिरत. मी तिकडे बघितलं तरी हा समोरच बघत राहणार. अठरा वर्षांत सातदाच, पण ते सातदा नसते करता आले तर मला ही नोकरी करताच आली नसती."

म्हणजे आई यंत्राला घाबरली नव्हती! भोंग्याने खिडकीजवळची जागा जिंकली होती खरी. पण ती बातमी ओरडत सांगावी असं काही तिला वाटेना.

"चल, दाबते बटण," आई उठली. गुर्र! "तिकीट दाखवा." यावेळी तिचा आवाज पक्का होता.

संध्याकाळी आई भाजी आणायला गेली तेव्हा भोंग्याने कॅमेरा त्याच्या खोबणीत चार्जिंगला बसवला. हिरवा दिवा लुकलुकू लागला. सहज तिने फोनवर यादी पाहिली. चौथा प्रयत्न जेमतेम मिनिटभराचा होता. यादीत अडीच मिनिटं! तिने लावून पाहिलं. आणि फोनमधून तिचाच भोंगा वाजला, "आई, तू आजवर एकाला तरी..."

पूर्वनोंद म्हणजे बटण दाबण्याच्या आधीचे नव्वद सेकंद! तो झोपलेला नव्हताच. डोळे मिटून पडला होता, आजी-आजोबा पडतात तसा, सगळं ऐकत!

तिने पुसून टाकायचं बटण शोधलं. 'हा अधिकार फक्त कार्यालयाला आहे.' वायफायची वायर उपटली. पण तोवर हिरवा दिवा लुकलुकायचा थांबून शांत झाला होता. खाली अक्षरं उमटली: 'सर्व चित्रण आगाराकडे पोहोचले. धन्यवाद.'

धन्यवाद म्हणे!

"बाबा!" ती किंचाळली. बाबांनी सगळं ऐकलं, तोंडातली टाचणी काढली आणि म्हणाले, "पँटवाला भागही गेला?"

"बाबा, आईची नोकरी जाईल!"

बाबांनी साहेबांच्या पँटला इस्त्री केली, घडी घातली आणि पिशवी तिच्या हातात दिली. "उद्या शाळेआधी तू पोचवून ये. चूक तुझी, तोंडही तुलाच आहे."

सोमवारी सकाळी आई डोळा लावून कामावर गेली. भोंगा तिला काही सांगू शकली नाही. तासाभराने ती पँट छातीशी धरून आगाराच्या कंट्रोल रूममध्ये उभी होती.

खोली लहानशी, भिंतभर पडदे. खुर्चीत एक ऑपरेटर ताई, शेजारी साहेब. साहेब खरोखरच मोठे होते. बाबांनी काही ताणून सांगितलं नव्हतं.

"साहेब, चूक माझी आहे!" पाठ केलेलं भाषण एका दमात बाहेर पडलं. "पुस्तिका मी वाचली नाही, नव्वद मी निवडलं, प्रश्न मी विचारला, ते काल ऐकलंत ते आई झोपेत, म्हणजे कॅमेरा झोपेत..."

"हळू गं," ताई म्हणाली. "पडदे हलतायत."

साहेबांनी हात वर केला. "सकाळपासून तीनदा ऐकलं मी ते." त्यांचा चेहरा बंद दारासारखा होता. "बस इथे. तुझी आई आत्ता बसमध्ये चढतेय."

मधल्या पडद्यावर बस हलत होती. आईच्या छातीच्या उंचीवरून सगळं दिसत होतं: गुडघे, पिशव्या, पुढे होणारी तिकिटं. मग एक बाई आली, मांडीवर दवाखान्याचा मोठा पिवळा लिफाफा. तिने पर्स उघडली. पुन्हा उघडली. लिफाफ्यात हात घातला, बाहेर काढला आणि हातातलं सगळं विसरून नुसती वर बघत राहिली. भोंग्याला आईचा चेहरा दिसत नव्हता. त्या बाईचा मात्र दिसत होता. तो बघवेना.

"आता?" ताई पुटपुटली.

चित्र सावकाश फिरू लागलं. दांडा आला, लोंबणारे पट्टे आले, मग खिडकी. मान नव्हे, आख्खी एक्स-रे बाई वळली होती! पडद्यावरून केशकर्तनालय गेलं, चपलांचं दुकान गेलं, सायकल धुणारा माणूस गेला. आख्खा एक थांबा खिडकीबाहेरचं चित्र. दार उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. मग चित्र परत फिरलं. जागा रिकामी होती.

'आठ,' भोंग्याने मनात मोजलं आणि श्वास रोखला.

साहेबांनी पुढ्यातला चाचणीचा कागद ओढला. 'कॅमेऱ्याबाबत शेरा' या रकान्यात त्यांनी लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "खिडकीबाहेरचं दृश्य स्वच्छ दिसतं." मग ताईला म्हणाले, "कालचं ते सरावाचं होतं. सरावाचं आपण ठेवत नाही." ताईने एक बटण दाबलं. एवढंच! ज्या बटणासाठी भोंग्याचा आदल्या दिवशी जीव गेला होता ते इतकं बारीक होतं.

ती दारापर्यंत पोचली तेव्हा साहेबांनी हाक मारली. "पोरी!"

"हो साहेब?"

"वडिलांना विचार, आतल्या शिवणीत थोडं तरी कापड उरलंय का?"

संध्याकाळी तिने घरी सगळं सांगितलं. नव्वद सेकंद, हिरवा दिवा, पडद्यावरची खिडकी. आई ऐकत होती. साहेबांच्या शेऱ्यापाशी मात्र तिने, पदर नव्हता म्हणून, डोळा खांद्यालाच पुसला.

"पुस्तिका कुठाय?" तिने विचारलं.

भोंग्याने मशीनखाली बोट दाखवलं. आईने वाकून ती ओढून काढली. मशीन लगेच डुगडुगायला लागलं आणि बाबांची टीप वाकडी गेली. "अगं!" बाबा ओरडले. तेव्हा आईने गणवेशाच्या खिशातून चार घड्यांचा एक कागद काढला, टेबलावरच्या कामाचा तो अर्ज, आणि आखूड पायाखाली सारला. मशीन पुन्हा सरळ झालं.

मग ती पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला बसली.

भोंगा तिच्याकडे बघत उभी राहिली. मग तिने मशीनवरचा कॅमेरा उचलला, टॉवेलात गुंडाळला, न्हाणीघरात बादलीखाली ठेवला, दार लावलं, परत आली. आणि आई-बाबांच्या मधोमध उभी राहून, बाकावरच्या डासालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"मी ठरवलंय. रबरबँडला सांगणार, आईने आजवर एकालाही सोडलेलं नाही. दगड म्हणतील तर म्हणू देत. उद्यापासून मी कचऱ्याच्या डब्याशेजारी बसणार. वर्षभर!"