साहेबांनी पोटात घातलं

उद्या डेअरीतल्या प्रत्येकाने पत्रकारांसमोर एकेक ग्लास दूध प्यायचं, असं मोठ्या साहेबांनी जाहीर केलं, तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या जाहिरात्यांनी. त्यांच्या पोटात भलामोठा गोळा आला होता आणि तो कुणाला दिसू नये एवढीच त्या टाळ्यांमागची भावना होती.

जाहिराते हे काही त्यांचं आडनाव नव्हे. डेअरीच्या जाहिराती लिहिता लिहिता ते त्यांना चिकटलं होतं, आणि रागावली की बायकोसुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारायची. 'दूध प्या, वाघ व्हा' हे भिंतीभिंतीवर झळकणारं वाक्य त्यांचंच. गोची एवढीच होती की स्वतः वाघाला दूध पचत नव्हतं. अर्धा कप पोटात गेला की तासाभरात आतून असे आवाज निघत, की खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन विचारत, कपाट सरकवताय का, हात लावू का. साहेबांना हे ठाऊक नव्हतं. दूध न पचणारा माणूस डेअरीची जाहिरात करतो हे त्यांना कळलं असतं, तर पोटापायीच जाहिरात्यांच्या पोटावर पाय आला असता.

हे सगळं उपटलं होतं एका डॉक्टरांमुळे. वासरूसुद्धा मोठं झालं की दूध सोडतं, माणूस मात्र टक्कल पडलं तरी दुसऱ्याच्या आईचं दूध पीत बसतो, असा लेख त्यांनी वर्तमानपत्रात लिहिला होता. लोकांना असले लेख फार आवडतात. निम्म्या शहराने रतीब बंद केले. साहेबांनी चिडून डॉक्टरांना डेअरीवर बोलावलं आणि डॉक्टरही आनंदाने तयार झाले. त्यांची अट एकच होती. नुसतं पिऊन दाखवायचं नाही. तासाभराने ते प्रत्येकाच्या पोटाला नळी लावून ऐकणार. दूध मानवलं की नाही ते पोटच सांगेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

घरी आल्यावर जाहिरात्यांनी बुटांसकट पलंगावर अंग टाकलं. बायकोने आधी बूट काढायला लावले आणि मग हकिकत ऐकली. आजारी पडा, असं तिने सुचवून पाहिलं. पण मागच्या खेपेला ते आजारी पडले होते तेव्हा साहेबांनी लवकर बरं वाटावं म्हणून कॅनभर दूध घरी पाठवलं होतं. शेवटी तिची नजर कोपऱ्यातल्या पोस्टरांच्या गुंडाळ्यांवर गेली.

"मैद्याची खळ करून देते," ती म्हणाली. "पातळ केली की कोण ओळखतंय? हुबेहूब दूध दिसेल."

"अगं, खळ पोस्टरं चिकटवायला असते."

"पोस्टरं वर्षभर भिंत सोडत नाहीत. तुमच्या पोटाला तासभरच गप्प बसायचंय."

जाहिरात्यांनी उठून मैद्याचा डबा काढून दिला. तिने स्वच्छ पातेल्यात मैदा शिजवला, गाळला, वर दोन चमचे साखर घातली आणि बाटलीत भरून दिला.

दुसऱ्या दिवशी डेअरीच्या अंगणात लांबलचक टेबल मांडलं होतं. व्यवस्था जाहिरात्यांकडेच असल्याने पुढचं काम सोपं होतं. त्यांनी सगळे ग्लास दुधाने भरले, अगदी कडेचा तेवढा बाटलीतून भरला आणि त्याच्यामागे राखणदारासारखे उभे राहिले. मध्यभागी फुलदाणीमागे साहेब होते. साहेब कर्तृत्वाने मोठे असले तरी उंचीने फुलदाणीएवढेच होते. गोठेवाले छाती काढून उभे होते. हे गोठ्याचे प्रमुख; गाईला नुसतं 'जनावर' म्हटलं तरी आठवडाभर अबोला धरणारे गृहस्थ. समोर खुर्चीत डॉक्टर गळ्यात नळी अडकवून बसले होते.

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. पण वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराला मोठे साहेब कोण ते माहीत नव्हतं. त्याने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि मान हलवली.

"फुलदाणीमागचे काका, तुम्ही झाकले जाताय," तो म्हणाला. "तुम्ही त्या कडेला जा. आणि कडेचे उंच गृहस्थ, तुम्ही मध्ये या."

काका म्हटल्यावर साहेबांचा चेहरा पडला, पण पत्रकारांसमोर बोलायचं काय? ते निमूटपणे कडेला आले. आपण इथेच बरे आहोत, इथे प्रकाश चांगला आहे, असं जाहिराते सांगत राहिले आणि सांगता सांगताच फुलदाणीमागे ढकलले गेले. त्यांनी कडेच्या ग्लासाकडे हात लांबवून पाहिला, पण तेवढ्यात एक, दोन, तीन झालं आणि सगळ्यांनी ग्लास तोंडाला लावले. जाहिरात्यांच्या घशाखाली अस्सल, साय धरलेलं दूध उतरलं. टेबलाच्या टोकाला साहेब एका घोटानंतर किंचित थबकले, आणि मग त्यांनी ग्लास तळापर्यंत रिकामा केला. जाहिरात्यांचं धाबं दणाणलं.

पुढचा तासभर भाषणं झाली. दुधाचे फायदे, गाईचे गुण, डेअरीचा इतिहास. जाहिरात्यांना त्यातला एक शब्द ऐकू आला नाही, कारण त्यांच्या आतमध्ये वेगळंच भाषण सुरू झालं होतं. ते खोकले, त्यांनी खुर्ची वाजवली, नको तिथे टाळ्याही पिटल्या.

वेळ संपताच डॉक्टर उठले आणि थेट साहेबांकडे गेले.

"आपण शाळेत एका बाकावर होतो, आठवतं ना?" ते मोठ्याने म्हणाले. "दूध प्यायलास की तुझ्या पोटाचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जायचा. आता ऐकू दे सगळ्यांना."

डेअरीच्या मालकालाच दूध पचत नाही हे ऐकून पत्रकारांची पेनं सरसावली. डॉक्टरांनी नळी लावली. मग दुसरीकडे लावली. मग नळी बिघडली की काय म्हणून तिच्यावर टिचकी मारून पाहिली. साहेबांचं पोट अगदी शांत होतं.

"कमाल आहे," बाकीची पोटं विसरून डॉक्टर गोंधळून म्हणाले. "कुठल्या गाईचं दूध हे?"

"व्यवस्था जाहिरात्यांची आहे," साहेब म्हणाले. "तेच दाखवतील."

सगळी वरात गोठ्याकडे निघाली. पुढे जाहिराते आणि मागे पत्रकार. गाय शोधायला जाहिरात्यांना थोडा वेळ हवा होता, पण त्यांच्या पोटाने तो दिला नाही. गोठ्यात पाऊल टाकताच आतून असा दीर्घ, खर्जातला आवाज निघाला की सगळ्यांनी त्यांच्या पलीकडे पाहिलं. तिथे एक काळंभोर धूड उभं होतं.

"हीच का ती?" डॉक्टरांनी विचारलं.

जाहिरात्यांना हायसं वाटलं. "हीच," ते म्हणाले. "फार गुणी आहे."

"तो बैल आहे," गोठेवाले म्हणाले.

एका पत्रकाराने ते लिहूनही घेतलं. जाहिरात्यांच्या तोंडचं पाणी पळालं, पण साहेब शांतपणे पुढे आले. जाहिरातीच्या धंद्यात माणसाला नेहमी सगळ्यांत मोठ्या गोष्टीकडे बोट दाखवायची सवय लागते, असं म्हणून त्यांनी शेजारच्या तांबड्या गाईच्या पाठीवर थाप मारली आणि तिला तिथल्या तिथे पिळायला सांगितलं. दूध उकळून निवल्यावर डॉक्टरांनी ग्लास उचलला. एवढं गुणकारी दूध असेल तर आपणच पिऊन पाहावं, असं त्यांना वाटलं. शास्त्रज्ञांना असं वाटतं.

तासाभराने डॉक्टर पत्रकारांपुढे निष्कर्ष सांगायला उभे राहिले. पहिल्याच वाक्याला त्यांच्या पोटाने साथ दिली. त्याला जाहिरात्यांच्या पोटाने उत्तर दिलं. मग दोघांची अशी जुगलबंदी रंगली की बैल कान टवकारून ऐकू लागला. डॉक्टर घामाघूम झाले. अखेर त्यांना कबूल करावं लागलं की गाईचं दूध चांगलं की वाईट हे सरसकट सांगता येत नाही. काहींना ते मानवतं, काहींना नाही, ज्याला मानवतं त्याने खुशाल प्यावं आणि ज्याला मानवत नाही त्याने लाज न बाळगता सोडावं. शाळेत शेजारच्या बाकावरचं पोट ऐकूनही एवढं साधं खरं सांगायला डॉक्टरांना इतकी वर्षं लागली होती. पत्रकारांनी तेच लिहून घेतलं, बातमी तोंडोतोंडी पसरली आणि रतीब बंद केलेल्या काही घरांतून संध्याकाळीच चौकशी सुरू झाली.

एवढं होऊनही जाहिराते भेदरलेलेच होते. साहेबांना फसवल्याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, आणि नोकरी जाणारच असेल तर निदान स्वतःच्या तोंडाने सांगून जावी, असं त्यांनी ठरवलं. साहेबांच्या खोलीत जाऊन त्यांनी दार लोटलं आणि मान खाली घालून सांगून टाकलं की कडेच्या ग्लासात दूध नव्हतं, मैद्याची खळ होती, आणि ती त्यांनी स्वतःसाठी भरली होती.

"पहिल्याच घोटाला कळलं," साहेब म्हणाले. "काल रात्रभर डोळा नाही लागला माझा. आणि सकाळी दूध म्हणून तुमची खळ तोंडात आली, जाहिराते. रडू आलं असतं मला."

"म्हणजे मला काढणार नाही?"

"तुम्हाला काढलं तर कारण सांगावं लागेल. मग मी काय प्यायलो तेही सांगावं लागेल. शिवाय तो डॉक्टर पुन्हा येणारच."

त्यांनी जाहिरात्यांची चूक पोटात घातली होती, तीसुद्धा ग्लासभर. जाहिरात्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. तेवढ्यात दार उघडलं आणि गोठेवाले आत आले. दोघांचे चेहरे पांढरेफटक पडले. गोठेवाल्यांनी दार नीट लावून घेतलं, गोठ्याच्या बाजूची खिडकीही बंद केली आणि बाहेरून आपण सगळं ऐकलं आहे, असं गंभीरपणे सांगितलं. साहेबांनी त्यांना समजावण्यासाठी तोंड उघडलं, पण गोठेवाल्यांनी हाताने थांबवलं आणि जाहिरात्यांच्या कानाशी वाकून ते म्हणाले,

"पुढच्या वेळी मलाही तेच द्या. फक्त गाईंच्या कानावर जाऊ देऊ नका."