तात्यांचा उजवा पाय

आमच्या शेजारचे तात्या उजव्या पायात कधीच मोजा घालत नसत. थंडीत डोक्याला मफलर, अंगात लष्करातला स्वेटर, डाव्या पायात लोकरी मोजा आणि उजवा पाय उघडा. कोणी हसलं तर म्हणायचे, "त्यो कामाचा पाय हाय. कवा कोण दारात यील सांगता येत न्हाई."

तात्या पायाळू. म्हणजे जन्माला येताना पाय आधी आलेले. अशा माणसाने पाठीला पाय लावला की भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. हवालदार म्हणून निवृत्त होऊन आल्यापासून कराडपासून विट्यापर्यंतच्या पाठी त्यांच्या दारात यायच्या. आलेल्याने उंबरठ्याशी पालथं पडायचं, तात्या तीनदा पाय टेकवणार. पैसे नाहीत, चहा नाही. हुकूम मात्र एकच: "बोलायचं न्हाई, मागं बघायचं न्हाई." मी शाळेत विज्ञान शिकवतो. मला या सगळ्याची चीड यायची. आणि एकदा माझीच पाठ धरली तेव्हा शाळा सुटल्यावर मीही गुपचूप पालथा पडलो होतो, हे सांगून टाकलेलं बरं.

गेल्या वर्षी वैरणीचा भारा उचलताना तात्यांचीच कमर धरली. कळ कमरेतून निघायची ती थेट उजव्या अंगठ्यापर्यंत. कराडच्या डॉक्टरांनी फोटो काढला. मणक्यांमधली गादी सरकून नस दबली होती. बहुतेकांचं हे ऑपरेशनशिवाय बरं होतं, असा धीर त्यांनी दिला आणि गोळ्या, पट्टा, व्यायाम लिहून दिले. तात्यांनी व्यायामाची परेड केली. स्वतःच "एक, दो" ओरडायचे आणि कळ आली की हिंदीत शिव्या द्यायचे. वजनं लावून कंबर ताणून घेतली, तेव्हा मला टेप आणायला लावून उंची मोजली. मग पाठीत सुई झाली. तीन आठवडे आराम पडला, तर हे गृहस्थ पुन्हा भारा उचलायला गेले.

एक दिवस रस्त्याने चालताना त्यांची उजवी चप्पल मागे राहिली. तात्या तसेच पुढे. मी हाक मारली तेव्हा त्यांनी खाली बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. चप्पल गेल्याचं पायाला कळलंच नव्हतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी त्यांना टाचेवर उभं राहायला सांगितलं. उजवा पंजा उचलेना. आता थांबू नका, दोन-चार दिवसांत ऑपरेशन करू, नाहीतर पाय कायमचा लुळा राहील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तात्या म्हणाले, "अजून एक इलाज ऱ्हायलाय," आणि घरी येऊन पडले.

तीन आठवडे मी रोज भांडलो. नस म्हणजे काय, ते आकृती काढून समजावलं. कुठला इलाज राहिलाय, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही. शेवटी विचारलं तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मला माजा पाय लावता येतोय व्हय? दुसरा पायाळू लागतो."

"मग आहे कोण?"

"शैली हाय."

शैला त्यांची एकुलती एक मुलगी, लोणंदला असते. नऊ वर्षांपूर्वी तिने जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून बापलेकीत बोलणं नाही. आई तर लहानपणीच गेलेली. हा माणूस लेकीसाठी थांबला होता, आणि मी त्याला आकृत्या काढून दाखवत होतो. मला माझीच लाज वाटली. मी तिथेच तिला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मास्तर, आधी त्यांना दवाखान्यात भरती करा. पाय मी तितं यीऊन लावते."

दुसऱ्या दिवशी मी तात्यांना भरती केलं आणि ती रेल्वेने थेट मिरजेला आली. तात्या कॉटवर पालथे झाले. बापाच्या पाठीला पाय लावायचा, म्हणून तिने आधी वाकून त्यांच्या पावलांवर हात टेकवले. उजव्या पावलावर ती जरा जास्तच वेळ थांबली. ते त्यांना कळलं नसणार. मग कॉटचा कठडा धरून तिने पाऊल तीनदा हलकेच टेकवलं आणि नियमाप्रमाणे न बोलता दाराकडे निघाली.

तात्या दात आवळून कुशीवर वळले. तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "शैले, जेवलीस का?"

ती दारातच खाली बसली आणि रडली.

ऑपरेशन झालं. कळ त्याच दिवशी थांबली, पंजा मात्र उचलला नाही. लवकर आला असता तर आशा जास्त होती, असं डॉक्टर म्हणाले. आता वर्ष होत आलं. तात्या पायाला प्लॅस्टिकची पट्टी बांधून चालतात आणि आत मोजा घालतात. तो शैलाने आणलेला आहे. ती दर रविवारी येते.

अजूनही लोक पाठ धरून येतात, पण आता तात्या त्यांना आधी डॉक्टरकडे पिटाळतात. परवा एकाने टोमणा मारला, लेकीच्या पायाचा गुण काही आला नाही म्हणून. तात्या भडकतील असं मला वाटलं. ते मोजा वर ओढत शांतपणे म्हणाले, "तिला बोल लावू नगंस. मीच बोललो, आन मागं बी बघितलं."