देशकर काकांची सव्वीस वर्षांची बाटली

एडमंटनमध्ये दसऱ्याला विंटर टायर्सना हळदकुंकू वाहणारा माणूस मी एकच पाहिला आहे: आमचे शेजारी, नागपूरचे देशकर काका. ज्यांच्या जिवावर हिवाळा काढायचा तीच आपली शस्त्रं, असं त्यांचं म्हणणं. बेसमेंटमध्ये चार टायर, बर्फाचं फावडं आणि मधोमध पाटावर व्हिस्कीची बाटली.

ही व्हिस्की स्कॉटलंडातल्या स्पे नदीकाठची सिंगल माल्ट, अठरा वर्षं ओकच्या पिंपात राहिलेली. सील शाबूत. बाटलीला एक चिठ्ठी चिकटवलेली. दर दसऱ्याला काका तिच्यावरचा आकडा खोडून पुढचा लिहितात. गेल्या वर्षी सव्वीस लिहिला होता.

"उघडा की," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मुरू दे ना बापा." मग आम्हाला इथली सगळ्यात स्वस्त राय व्हिस्की पाजतात आणि त्या माल्टमधल्या मधाचं, मनुकांचं वर्णन ऐकवतात. आम्ही बिचारे रायमध्ये मनुका शोधत बसतो.

दोन दसरे मी हे सहन केलं. यंदा काकांनी पेन उघडलं आणि चार पाहुण्यांसमोर मी विद्वत्ता पाजळलीच. "काका, व्हिस्की पिंपात मुरते. बाटलीत भरली की संपलं. लोणचं नाही हे."

पाहुणे खो खो हसले. काकांनी पेनाला टोपण लावलं आणि सगळ्यांना जेवायला वर नेलं.

पाहुणे गेल्यावर मी ग्लास आवरायला खाली आलो. काका बाटलीपाशी बसले होते.

"केमिकल इंजिनियर आहे मी. मला शिकवतो का बे?"

"मग हे आकडे?"

"रिटायर झालो तेव्हा तुझ्या काकूनं ही आणली. पिण्यातलं काही कळत नव्हतं तिला. बरणीला लावायची तशी चिठ्ठी लावली. म्हणे, दरवर्षी मुरेल, पंचविसाची झाली की दोघं उघडू. इतकी खूष होती, काय सांगणार होतो तिला?"

मी शेजारी राहायला आलो त्याआधीच काकू गेल्या होत्या. चिठ्ठी पहिल्यांदाच जवळून पाहिली. चोवीसपर्यंतचे आकडे गोल, नीटस अक्षरात. पुढचे दोन वाकडे.

"पंचवीस मीच लिहिलं," काका म्हणाले. "पण एकट्यानं कशी उघडू?"

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. पाटाखाली गेलेलं पेन मी शोधून त्यांच्या हातात दिलं.

"सत्तावीस राहिलंय, काका. मुरतेय अजून."