जाधवकाकांचे साहेब

आमच्या शनिवार पेठेतल्या बिल्डिंगमध्ये चेअरमनला अरे-तुरे आणि पोपटाला अहो-जाहो करणारा एकच माणूस आहे. ते म्हणजे आमच्या समोरच्या दारातले जाधवकाका. "साहेब आंघोळ करताहेत, नंतर या," असं सांगून त्यांनी गॅसवाल्यालासुद्धा परत पाठवलंय. मग सिलिंडर मागायला माझ्याकडे आले, ते वेगळंच.

साहेब म्हणजे आफ्रिकन ग्रे जातीचा पोपट. अंग राखाडी, शेपूट लालभडक आणि चेहऱ्यावर भाव असा की तुमची रजा नामंजूर. आणला काकांच्या पुतण्यानं, सॉफ्टवेअरचा पहिला मोठा पगार हातात आला तेव्हा. त्या काळात हिंजवडीच्या बसमध्ये बसणाऱ्या प्रत्येकालाच काहीतरी विकत घ्यायची घाई झाली होती. मीही त्याच बसला होते. मी ट्रेडमिल घेतली, तिच्यावर आता टॉवेल वाळतात. पुढे कंपनीनं पुतण्याला अमेरिकेला धाडलं. "काका, सहाच महिने सांभाळा," म्हणाला. ते सहा महिने अजून चालू आहेत.

काका सडेफटिंग, टेलिफोन खात्यातून निवृत्त. पुतण्यानं पक्ष्याचं नाव रॉकी ठेवलं होतं, ते काकांनी त्याच दिवशी बदललं. "जन्म साहेबांच्या हाताखाली गेला," ते म्हणाले. "निदान हे साहेब चावून मोकळे होतात. मनात ठेवत नाहीत."

मंडईत काका डाळिंब फोडून दाखवायला लावतात. "आंबट निघालं तर साहेब माझ्या तोंडावर फेकतात," असं कारण देतात. "मग साहेबांनाच पाठवा की एकदा!" फळवाली बाई वैतागून म्हणते. "त्यांना गर्दी सोसत नाही," काका शांतपणे सांगतात. डाळिंबाबरोबर मटार, मक्याचं कणीस आणि लाल मिरच्याही येतात. पोपटाला म्हणे तिखट लागतच नाही. साहेब मिरच्या कचाकचा खातात आणि काका पथ्याची मुगाची खिचडी खात समोर बसून बघतात. नॉनस्टिक तवा फार तापला की त्याच्या धुरानं पोपट मरतो, हे कळल्यावर काकांनी स्वतःचा तवा तर टाकलाच, वर माझाही उचलून जिन्यात ठेवला. मी चांगली भांडले. "धूर दाराखालून येतो," एवढंच उत्तर मिळालं.

मग काकांच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, बायपास करा आणि लवकर करा. नुसत्या तपासण्यांसाठी दोन दिवस दवाखान्यात राहिले, तेवढ्यात साहेबांनी छातीवरची पिसं उपटून काढली. एकटा पडला की हा पक्षी असंच करतो. ते उघडंबोडकं अंग बघून काकांनी जाहीर केलं, "आधी साहेबांची सोय, मग ऑपरेशन. मी परत येईन न येईन, त्यांची अजून तीस-चाळीस वर्षं आहेत. घर कायमचंच बघायला हवं."

आणि इस्त्रीचा शर्ट घालून निघाले की घरं बघायला! पहिल्या मजल्यावरच्या भोसलेवहिनींची मुलगी लग्नाची. "आमच्याकडे एक जण आहेत, परदेशातले. घरची माणसं बघायला येऊ का?" काका एवढंच बोलले आणि वहिनींच्या डोळ्यांपुढे अमेरिकेतला पुतण्या उभा राहिला. कांदेपोहे झाले, मुलीनं साडी नेसली. काका पोहे खात विचारताहेत, "घरात आवाज कोण चढवतं? उदबत्त्या किती लावता? दुपारी घरी कोण असतं?" वहिनी खूश, काय चौकस माणूस आहे! शेवटी त्यांनीच धीर करून विचारलं, "मुलाचा स्वभाव कसा आहे?"

"तसे प्रेमळ आहेत," काका म्हणाले. "फक्त अनोळखी माणसाचं बोट फोडतात."

वहिनी अजून आमच्याशीसुद्धा धड बोलत नाहीत.

पसंती आली ती आमच्या घराला. मी जरा फुशारले, तर म्हणतात कसे, "तुमच्यामुळे नाही हो. तुम्ही दिवसभर हिंजवडीला. पण तुमच्या सासूबाई सकाळी उठल्यापासून बोलत असतात. पक्ष्याला हेच लागतं." लग्न झाल्यापासून मी ज्याला वैतागले होते, तो गुण निघाला!

आधी आठवडाभर राहून बघायचं ठरलं. पिंजरा ठेवताना काकांनी बजावलं, "मी इकडे फिरकणार नाही. माझा आवाज ऐकला तर ते तुमच्यात रुळणार नाहीत. जंगलात थवा दिवेलागणीला झाडावर परततो, तेव्हा हाका मारून सगळे आले ना बघतो. तसे हे रोज त्या वेळेला 'जाधव!' म्हणून हाक मारतात. मारू द्या. तुम्हीच ओ द्या."

पहिल्या दिवशी साहेब पाठ फिरवून बसले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या हातून मटार खाल्ले. मग त्यांच्या खांद्यावर बसून मालिका बघायला लागले. एक पीस उपटलं नाही. आणि हाक? नाव नाही! सासूबाई सांगायच्या, दिवेलागण झाली की त्यांनाच शिट्टी मारतो. मला त्या पाखराचा असा राग आला! इतकी वर्षं त्या माणसाची डाळिंबं खाल्लीस ना रे, मेल्या?

रविवारी काका आले. साहेब सासूबाईंच्या खांद्यावर होते, छातीवर कोवळी पिसं फुटली होती. त्यांनी मान तिरकी करून काकांकडे पाहिलं आणि पुन्हा मटार खायला लागले.

"जुळलं की," काका हसून म्हणाले. चहासुद्धा न घेता वळले. दारात चपला घालताना, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "हाक मारतात का हो?"

"मारतात तर! रोज दिवेलागणीला," मी ठोकून दिलं. "कान किटले आमचे."

"नका हो," काका हळूच म्हणाले. "त्या वेळेला मी रोज तुमच्या दाराबाहेरच उभा होतो. एकदाही नाही मारली."

माझे डोळे भरून आले. काकांनी आपले डोळे इस्त्रीच्या बाहीला पुसले.

"बरंच झालं," ते म्हणाले. "मारली असती तर मी ओ दिली असती, आणि ऑपरेशन राहून गेलं असतं. उद्या ॲडमिट होतो."