झाड चार किलोंनी पुढं

अंबादासमामांच्या तळहातावर मोसंबी ठेवायची आणि त्यांना डोळे मिटायला सांगायचं. ते मिटतात. मोसंबी दोनदा हलकेच झेलतात आणि म्हणतात, "एकशे नव्वद ग्राम. साल काढून एकशे तीस. क्यालऱ्या पंचावन. आन परवा तोडलेली हाय." मी किराणा दुकानातल्या काट्यावर कितीदा ताडून पाहिलंय. फरक निघत नाही. एकदा निघाला होता, तर दुकानदाराचाच काटा बिघडलेला निघाला. तेव्हापासून तो दुकानदार मामा दिसले की आतल्या खोलीत जातो.

मी त्यांची शेजारीण. केदारखेड्याच्या पुढं आमचं गाव आहे, तिथली अंगणवाडीताई. तोंडानं फटकळ म्हणून प्रसिद्ध. गावात कुणाला चार शब्द सुनवायचे असले की लोक मला पुढं घालतात. पण मामांपुढं माझी डाळ शिजत नाही.

मामा जन्मभर जालन्याच्या मोसंबी बाजारात मापाडी होते. शेतकऱ्याचा माल तोलायचा, एवढंच काम, पण ते देवपूजेसारखं करायचे. तिथंच मस्तगड भागात एक खोली घेऊन राहायचे, शनिवारी गावी यायचे. व्यापारी म्हणायचा, "मामा, थोडं इकडं होऊ द्या," शेतकरी म्हणायचा, "मामा, थोडं तिकडं." मामांचं दोघांना एकच उत्तर, "काट्याला बोलू द्या, तुमी गप बसा." आता रिटायर होऊन गावी आलेत, तरी हे वाक्य सुटलेलं नाही. ग्रामसभेत भांडण लागलं तरी हेच म्हणतात. तिथं काटा कुठून आणायचा ते देव जाणे.

अंगणवाडीत गरोदर बायांसाठी वजनकाटा आहे. दर सोमवारी दहाच्या ठोक्याला मामा हजर होतात. आधी खिशातून एक किलोचं लोखंडी वजन काढून त्या काट्याची परीक्षा घेतात. मग टोपी काढतात, चष्मा काढतात, सदऱ्याच्या गुंड्यांना हात घालतात. तिथं मी ओरडते, "मामा, लेकरं बसलेली हायेत!"

"सदरा दोनशे ग्रामचा हाय ताई. ते कुणाच्या नावावर टाकू?"

क्यालरी हा शब्द त्यांनी आमच्याच भिंतीवरून उचलला. कशात किती ताकद आहे ते आयांना कळावं आणि लेकरांची वजनं वाढावीत म्हणून मी तिथं तक्ता लावलाय. मामांनी तो वहीत उतरवून घेतला आणि त्यावर स्वतःचं वजन उतरवायला लागले. तो तक्ता काढून टाकावा असं मला कितीदा वाटलं.

भाकरी तर त्यांनी केव्हाच सोडली. मी विचारलं, का? म्हणाले, "भाकर थापनारीचा हात रोज येगळा. तिची क्यालरी कशी धरायची? फळ कसं, देवानं बराबर बांधून धाडलेलं." म्हणून नुसती फळं आणि ताक. केळं दिसलं की तोंड फिरवतात, जांबाचा, म्हणजे पेरूचा, मात्र मान ठेवतात. माझ्या नणंदेच्या हळदीला सगळा मांडव जेवत होता आणि मामा कोपऱ्यात एक सीताफळ घेऊन बसले होते. एकेक बी पुसून ओळीनं मांडत होते, कारण बियांचं वजन वजा करायचं असतं. चाळिसाव्या बीला माझ्या सासूबाईंनी विचारलं, "भाऊ, बरं हाय न?" मोजणी चुकली. मामा असे भडकले की विचारू नका. पुन्हा एकपासून मोजलं आणि रात्रीचं ताक बंद केलं. सासूबाई अजून म्हणतात, मी काय इतकं वाईट बोलले?

हसायची गोष्ट इथपर्यंतच. कारण मामा जाडे असते तर मीही हसत बसले असते. उंचापुरा माणूस, आणि यंदा दसऱ्याला अंगणवाडीच्या काट्यावर भरला बावन्न किलो. गालाची हाडं वर आलेली, सदरा खांद्यावर नुसता टांगलेला. आमच्या उपकेंद्राच्या सिस्टर त्यांना बघून मला म्हणाल्या, "आता अजून उतरले तर हा माणूस उठायचा नाही." मी मामांना तसंच्या तसं सांगितलं. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "मी काय करू ताई? यंदाचं फळ नजरेनं तोललं म्या. झाड अजून चार किलोंनी पुढं हाय."

हे झाड म्हणजे लंकामामींचं झाड.

लंकामामी म्हणजे मामांची बायको. बुटकी, हसरी, आणि सदा घाईत. मामा घरी मोसंबी विकायला बसले की किलोभर तोलायला पाव तास लावायचे. पारडं इकडून तिकडून हलायचं, मामा श्वास रोखून बसायचे आणि आत भाकरी गार व्हायची. मग मामी यायच्या, वर राहिलेल्या पारड्यावर दोन बोटं ठेवायच्या आणि खाली दाबून म्हणायच्या, "झालं बराबर. चला जेवायला." मामा ओरडायचे, "लंके, बोटं काढ, माप खोटं पडतं!" गिऱ्हाईक हसायचं. हा तमाशा मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहिलेला.

मामांच्या वावरात शंभर मोसंब्या होत्या. दुष्काळात एकेक वाळत गेल्या. एकच वाचली, मामींनी हातानं लावलेली, विहिरीच्या काठची. भांडी घासलेलं पाणीसुद्धा मामी डोक्यावर नेऊन तिला घालायच्या. मग पाच वर्षांखाली मामा जालन्याला दवाखान्यात पडले. अंग सुजलं, डॉक्टरांनी हात टेकले. मामी त्या विहिरीवर गेल्या आणि आसरांना नवस बोलल्या. आसरा म्हणजे विहिरीत राहणाऱ्या देवता. त्यांचा नवस आमच्याकडं कुणी अंगावर ठेवत नाही. मामी बोलल्या, "धनी घरी येऊ द्या, माझ्या झाडाच्या मोसंब्यांनी त्यांची तुला करीन. एका पारड्यात ते, एका पारड्यात झाडाचं फळ, बराबर."

मामा घरी आले. झाडाला फळ धरलेलं होतं, पण पिकायच्या आत मामीच तापाचं निमित्त होऊन गेल्या.

त्या साली मामांनी बाजारातला जुना मोठा तराजू आणून वावरातल्या कडुलिंबाला टांगला. मामा बहात्तर भरले, झाड अडुसष्ट. नवस बाकी राहिला. मामांनी ठरवलं, झाड वर येत नाही तर आपण खाली उतरू. पुढच्या वर्षी ते अडुसष्टवर आले. झाडानं चौसष्ट दिलं. ते चौसष्टला आले, झाड साठला. दरवर्षी हेच. मामा जिथं पोचतात तिथून झाड चार किलो खाली गेलेलं. ना एक किलो कमी, ना एक जास्त. झाड म्हातारं झालंय, खोडाला डिंक सुटलाय, फळ घटणारच, हे मलाही कळतं. पण म्हातारं झाड असं मोजून कसं घटतं?

त्या झाडाशी भर दुपारी कुणी जात नाही. गावातल्या प्रत्येक झाडावर राघू तुटून पडतात, त्या मोसंबीला चोच लावत नाहीत. मामा मात्र रोज बारा वाजता तिथं बसतात. एक मोसंबी सोलतात, निम्म्या फोडी आपण खातात, निम्म्या समोर पळसाच्या पानावर ठेवतात. "तिच्या क्यालऱ्या येगळ्या लिवतो," असं मला म्हणाले होते. एकदा मी त्यांना ताक द्यायला गेले तेव्हा पानावर पाच फोडी होत्या. मामांना तांब्या दिला, पुन्हा पाहिलं, तर पान रिकामं. मामांचे दोन्ही हात तांब्याला. मुंगी नाही, पाखरू नाही. मी घरी येईपर्यंत मागं पाहिलं नाही.

गाव कुजबुजायला लागलं, "लंका न्यायला लागली त्याला. थोडा थोडा करून नेऊन राह्यली." मी वरून रागवायची, पण आतून मलाही तेच वाटायचं. शेवटी एक दिवस मी एकटीच झाडापाशी गेले आणि तोंड सोडलं. "मामी, तुम्हाला काही वाटतं का? पाच वर्षं माणूस उपाशी मारून राह्यल्या तुम्ही! एवढा जीव लावला तो यासाठी?" एक पानसुद्धा हललं नाही. मला रडू आलं, आणि भीतीही वाटली, मेलेल्या बाईला बोलले म्हणून.

यंदा तुलेच्या दिवशी मी एक लबाडी केली. भोकरदनहून चार किलो मोसंबी आणली आणि झाडाच्या फळांच्या पोत्यात मिसळली. फळं तोडायला माझे मालक होते, त्यांनाही सांगितलं नाही. दुपारचे बारा वाजलेले, वारा बिलकुल नाही. मामा पोत्याशी बसले, डोळे मिटले, एकेक फळ तळहातावर घेऊ लागले. बहुतेक पारड्यात जात होती. मधूनच एखादं ते बाजूला ठेवायचे. सगळं झाल्यावर बाजूला तेवीस मोसंब्या होत्या. मी आणताना मोजल्या होत्या, तेवीसच.

"ह्या तुमच्या लेकरांना वाटा ताई," मामा म्हणाले. रागावले नाहीत, हेच मला लागलं.

मग ते दुसऱ्या पारड्यात चढून मांडी घालून बसले. त्यांचं पारडं खाली, फळांचं वर, वीतभर. मामांनी वर पाहिलं. "चार किलो," म्हणाले. आवाज नेहमीचाच. "पुढच्या सालाला अठ्ठेचाळीस करू."

माझा तोल गेला. "पुढच्या सालाला पारड्यात काय तुमची हाडं ठेवायची? सोडा आता!"

"तिचा शब्द हाय ताई. ती गेली, तिचा शब्द कसा जाऊ देऊ? माज्यासाठी बोल्ली ती. खोटी कशी पाडू?"

मी काही बोलायच्या आत साखळी वाजली.

फळांचं पारडं खाली येत होतं. सावकाश. एकही मोसंबी हलली नाही. माझे मालक दोन पावलं मागं सरले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले, मी नाही, मी नाही, असं दाखवत. मी तर दहा हात लांब होते. पारडं उतरत उतरत मामांच्या पारड्याशी आलं आणि थांबलं. मधला काटा सरळ उभा. कुठं पाखराचाही आवाज नव्हता.

मामा त्या पारड्याकडं बघून घरात बोलावं तसं बोलले, "लंके, बोटं काढ. माप खोटं पडून राह्यलं."

पारडं हललं नाही.

"आगं काढ म्हन्तो न!"

नाही हललं. आणि मामांच्या डोळ्यांना धार लागली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही सगळे म्हणत होतो ती न्यायला लागली. ती कशाला नेईल? ती जेवायला बोलवत होती.

"झालं बराबर," मामा म्हणाले. जन्मात एवढं एकच खोटं माप त्यांनी कबूल केलं. डोळे पुसले नाहीत, तसेच पारड्यातून उतरले. माणूस उतरला की दुसरं पारडं धाडकन आपटायला हवं. ते अलगद जमिनीवर टेकलं. मालकांनी हात जोडले.

विहिरीला नारळ फोडला, मोसंब्या ओवाळल्या. मग मी माझा डबा उघडला, बाजरीची भाकरी आणि ठेचा. मामांनी दीड भाकरी खाल्ली, पाच वर्षांनी. मी दुसरीकडं बघत बसले, नाहीतर पुन्हा रडले असते.

शेवटी त्यांनी एक मोसंबी घेतली. हात सवयीनं वर गेला, झेलायला. मधेच थांबला. मग त्यांनी ती सोलली, मूठभर फोडी स्वतः घेतल्या, मूठभर समोरच्या पळसाच्या पानावर ठेवल्या.

"किती क्यालऱ्या झाल्या, मामा?" मी विचारलं.

"न्हाई मोजल्या," तोंडात फोड ठेवून ते म्हणाले.