फ्रिजमधली चुलतसासू

"तीन दिवसांत डोकं देतो, आणि असं देतो की लोक त्याला चहा विचारतील!" मुंडकेदादांनी दिग्दर्शकाला छातीठोकपणे सांगितलं. सिनेमाला लागणारे तुटके हात, पाय, डोकी बनवणं हा त्यांचा धंदा, म्हणून हे नाव. आताचा सिनेमा सुडाचा होता. सासरच्यांनी मारलेली नवरी परत येते आणि एकेकाचं डोकं उडवते. उडालेली डोकी मात्र गप्प न बसता कुरकुरत राहतात. बघणाऱ्याने किंचाळावं की हसावं हेच कळू नये, असा दिग्दर्शकाचा बेत. शेवटचं डोकं चुलतसासूचं होतं.

चुलतसासूचं काम करणाऱ्या बाईंनी चेहऱ्यावर लेप थापून साचा घेऊ द्यायला साफ नकार दिला. जीव गुदमरतो म्हणाल्या. त्यात काय एवढं, फोटोवरून घडवतो, म्हणत दादा फोटो घेऊन घरी आले.

घरी कोणी नव्हतं. बायको आठ महिन्यांपूर्वी भावाकडे निघून गेली होती, आणि खरं सांगायचं तर तिचं काही चुकलं नव्हतं. दादांचा माल जिलेटिनचा, उकाड्यात वितळणारा, त्यामुळे सगळा फ्रिजमध्ये. दुधाला जागा म्हणून नसायची. तेही तिने चालवून घेतलं. पण एकदा तिच्या भावाच्या सरबतात बर्फाबरोबर एक अंगठा आला, नखासकट. भाऊ त्याच पावली बहिणीला घेऊन गेला. तेव्हापासून दादांना घर खायला उठायचं. फोन हातात घ्यायचे, काय बोलावं सुचायचं नाही, परत ठेवायचे.

तीन दिवसांचे दहा झाले. दादा रोज नव्याने बसत आणि रोज डोक्याला हात लावून उठत. अकराव्या दिवशी जे हाताशी होतं ते डब्यात घालून त्यांनी सेटवर नेलं. दिग्दर्शक म्हणाला, बाईंसारखं फारसं नाही, पण आत्ता काहीतरी सुनावेल असं दिसतंय, केस तोंडावर घ्या म्हणजे खपेल.

नेमका तेव्हाच मेहुणा घराची किल्ली मागायला आला. ताईचं शिवणयंत्र न्यायचं होतं. यंत्र गेलं की ती कायमची गेली, हे ओळखून दादांनी आज देतो, उद्या देतो करत महिना काढला होता. मेहुणा आत शिरला आणि नवरीने कुऱ्हाड चालवली. डोकं गडगडत त्याच्या बुटापाशी येऊन थांबलं. केस बाजूला झाले, आणि भुवईवरच्या व्रणासकट ताई त्याच्याकडे बघू लागली.

मेहुण्याने खिशातून फोन काढला. लहानपणापासून काही झालं की ताईला सांगायची सवय, त्याने तिलाच फोन लावला. "ताई, भावोजींनी तुला मारलं गं," म्हणून तो हुंदके द्यायला लागला. ताई तिकडे कपडे वाळत घालत होती. तिने फक्त कुठे मारलं ते विचारलं आणि रिक्षा पकडली.

अर्ध्या तासात ती सेटवर हजर. डोकं उचलून तिने खूप वेळ न्याहाळलं.

"हा व्रण मलासुद्धा आरशात शोधावा लागतो. तुमच्या कसा लक्षात राहिला?"

"मी त्या बाईंचंच करायला बसलो होतो," दादा खाली मान घालून म्हणाले. "हाताला दुसरं तोंड येतच नाही. तुझी फार आठवण येते गं."

किल्लीसाठी तिने हात पुढे केला. दादांनी ती जड मनाने दिली. शिवणयंत्र न्यायला भावाला हाक मारेल असं वाटलं, पण ती त्याला घरी जा म्हणाली आणि दादांबरोबर निघाली. वाटेत तिने दुधाची पिशवी घेतली, तेव्हा दादांना आनंदाने भरून आलं आणि लगेच घाम फुटला.

"अगं, फ्रिज नको..." म्हणेपर्यंत तिने तो उघडलासुद्धा.

प्रत्येक कप्प्यात तीच होती. दहा दिवसांची दहा डोकी, त्यातलं एक सेटवर, उरलेली नऊ इथे. एक रागावलेलं, एक वैतागलेलं, एक थकलेलं, एक सरबताच्या दिवशीचं. दुधाची पिशवी हातात धरून ती एकेकाकडे बघत राहिली.

"एकही हसरं नाही?"

"बरेचदा बसलो," दादा म्हणाले. "तू हसतेस कशी, तेच आठवेना."

तिने सरबताच्या दिवशीचं डोकं काढून दादांच्या हातात दिलं आणि त्या जागी दूध ठेवलं.